छायाचित्रावर फिरणारा हात

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा अध्यक्षीणबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती मागितली असती तर आनंदाने दिली असती. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही फोटोविषयी लिहा. लग्न झाल्यापासून त्या दुकानात काढलीत. आपल्यात हे दुसऱ्या कोणाला ठाऊक?" शिवाय संस्थापक भगिनींच्या फोटोवरून मंडळात गेले दोन महिने जो वाद चालला होता, तो मिटवण्याचे काम शेवटी माझ्याकडेच आले. तेव्हा त्या निमित्ताने छायाचित्रांचा थोडा इतिहास सांगावा असे मनात आले. मामंजींच्या कपाटात या विषयाची पुस्तके होती. त्यांतली इंग्रजी माझ्या मुलीने वाचून मला समजावली. चूकभूल असेल ती माझी.

मी १९९७ साली लग्न होऊन या घरात आले. दुकानाच्या मागे एक काळोखी खोली होती आणि तिच्यात एक तांबडा दिवा. पहिल्या दिवशी तो दिवा पाहून मला देवघराची आठवण झाली. मामंजी हसून म्हणाले, "सूनबाई, देवघरच आहे. फक्त इथे देव पाण्यातून वर येतो." आणि खरोखर, पांढरा कोरा कागद औषधाच्या ट्रेमध्ये टाकला की अर्ध्या मिनिटात त्यावर आधी केस, मग डोळे, मग सगळा माणूस उमटू लागे. मी विचारले, इतर दिवा चालत नाही, मग तांबडाच कसा चालतो? ते म्हणाले, "या कागदाला तांबडे दिसतच नाही. तांबडा उजेड त्याच्या लेखी अंधारच."

पुढे कित्येक वर्षांनी मला उमगले की छायाचित्रांवर हात फिरवण्याची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. कॅमेऱ्याला आपल्यासारखे दिसत नाही. जे त्याला दिसले नाही ते कोणीतरी नंतर भरावे लागते, आणि जे त्याला नको इतके दिसले ते कोणीतरी सौम्य करावे लागते.

छायाचित्रण जगापुढे आले ते १८३९ साली, फ्रान्समधल्या दागेर यांच्यामुळे. त्यांचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटे आणि एकाचे दुसरे निघत नसे. इंग्लंडातल्या टॅल्बट यांनी १८४१ मध्ये निगेटिव्हची रीत आणली आणि एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. १८५१ मध्ये आर्चर यांनी काचेवर ओले द्रावण पसरून निगेटिव्ह करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. या काचांना निळा उजेड फार दिसे, तांबडा आणि पिवळा जवळजवळ नाहीच. म्हणून त्या काळच्या फोटोंत आकाश पांढरेफटक येते. आपल्या पणजीच्या फोटोत कपाळावरचे कुंकू काळे दिसते आणि तांबडे लुगडे काळेभोर दिसते, तेही याच कारणाने. पुढे १८७३ मध्ये जर्मनीतले फोगेल यांनी द्रावणात रंग मिसळून काचेला इतर रंग दिसतील अशी सोय शोधली. पण ती सर्वत्र रुळायला बरीच वर्षे गेली.

आकाश पांढरे येते यावर फ्रान्सचे गुस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास एक तोड काढली. ते समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी निगेटिव्ह घेत, आणि दोन्ही एकाच कागदावर छापीत. लोक थक्क झाले. १८५७ मध्ये रेलँडर नावाच्या गृहस्थांनी तिसाहून अधिक निगेटिव्ह जोडून सन्मार्ग आणि कुमार्ग दाखवणारे एक भले मोठे चित्र केले, आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. पुढल्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हांतून एक चित्र तयार केले. त्यात अंथरुणाला खिळलेली एक मरणोन्मुख मुलगी आहे आणि भोवती घरची माणसे आहेत. ते पाहून पुष्कळांना राग आला. असे दुःख कॅमेऱ्यासमोर मांडावेच कसे, असे ते म्हणत. वास्तविक ती मुलगी धडधाकट होती आणि आजारी असल्याचे नाटक करीत होती. चित्रकाराने तेच दृश्य रंगवले असते तर कोणी चकार शब्द काढला नसता. फोटो म्हटला की माणूस त्यावर विश्वास ठेवतो, म्हणून हा राग.

भगिनींनो, हे सगळे साता समुद्रापलीकडचे आहे असे समजू नका. आपल्या मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचे साहेब होते. मुंबईत दिसणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो घालून त्यांनी दोन भागांचे पुस्तक काढले. पहिला भाग १८६३ चा, दुसरा १८६६ चा. त्यातली माणसे घराच्या आवारात किंवा देवळासमोर उभी दिसतात. पण माणसांचे फोटो निराळे काढलेले होते आणि पाठीमागची जागा निराळी. दोन्ही नंतर छापताना जोडली होती. नीट पाहिले की माणसाच्या कडेला एक बारीक रेघ दिसते. मामंजी म्हणत, "ती रेघ पाहायला शिकलीस की तुला फोटो वाचता येऊ लागला."

आता चेहऱ्यावरच्या कामाचे सांगते, कारण ते मी स्वतः केले आहे. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकचे हान्फ्स्टेंगल यांनी निगेटिव्हवर हात फिरवलेले फोटो मांडले होते. त्याआधी फोटोत जशी सुरकुती तशी ती राही, आणि लोक, विशेषतः बायका, फोटो काढून घ्यायला बिचकत. हात फिरवण्याची ही विद्या पसरली आणि फोटोच्या दुकानांत गर्दी होऊ लागली. आमच्याकडे तिला नुसते 'टचिंग' म्हणत. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. गोरे ते काळे, काळे ते पारदर्शक. सुरकुती म्हणजे पारदर्शक रेघ. ती सुईसारख्या टोकाच्या शिसपेन्सिलीने हलकेच भरायची, म्हणजे छापल्यावर ती उजळ होऊन नाहीशी होते. पेन्सिलीचे टोक पॉलिश कागदावर घासून काढायला मला एक महिना लागला. प्रतीवर धुळीचे पांढरे ठिपके राहत, ते बारीक कुंचल्याने भरायचे. छापताना चेहरा काळवंडत असेल तर उजेडाच्या आड हात धरून हलवत राहायचा, आणि आकाश फिके येत असेल तर तेवढ्याच भागावर उजेड जास्त वेळ पाडायचा. यालाच मामंजी 'फोटोला फोडणी' म्हणत. भाजी तीच असते, पण दोन घरची चव एक नसते.

ही फोडणी थोरामोठ्यांनाही चुकली नाही. अमेरिकेचे अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ मध्ये हर्नान्डेझ नावाच्या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला. त्या एका निगेटिव्हच्या त्यांनी पुढे हजाराहून अधिक प्रती हाताने छापल्या, आणि वर्षागणिक त्यातले आकाश अधिकाधिक काळे करीत नेले. तरुणपणी ते पियानो शिकलेले होते. निगेटिव्ह म्हणजे गाण्याची लिहिलेली चीज आणि छापणे म्हणजे ती गाऊन दाखवणे, असे ते मानत.

रंग भरण्याचे कामही तितकेच जुने. आपल्या देशात फोटोवर रंग चढवण्याची चाल एकोणिसाव्या शतकापासून आहे. नाथद्वाऱ्याला तर यात्रेकरूंच्या चेहऱ्याचे फोटो कापून श्रीनाथजींच्या रंगवलेल्या चित्रात चिकटवीत, म्हणजे सारे कुटुंब देवापुढे हात जोडून उभे दिसे. त्यात कोणाची फसवणूक नव्हती. पाहणाऱ्याला ते कसे केले आहे हे ठाऊक असे, आणि भक्तीही खरीच होती.

या कामात बायका फार पूर्वीपासून आहेत. युरोप-अमेरिकेच्या स्टुडिओंत टचिंग आणि रंगकाम पुष्कळ वेळा बायकाच करीत, पण नाव मात्र दारावरच्या पाटीवरच्या पुरुषाचे. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये सिकंदराबादेस पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांचेही सुरुवातीचे फोटो यजमानांच्या नावाने छापले जात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले तेव्हा मी दुकानातल्या टेबलावर त्यांचा फोटो लावला होता.

पण हात फिरवण्याला एक काळी बाजूही आहे. रशियात १९३७ च्या सुमारास कालव्याकाठी काढलेला स्टालिनचा एक फोटो आहे. त्याच्या शेजारी येझोव्ह नावाचा पोलिसखात्याचा वरिष्ठ उभा आहे. १९४० मध्ये येझोव्हला गोळी घालण्यात आली, आणि नंतरच्या फोटोत त्याच्या जागी कालव्याचे पाणी आले. ते पाणी कोणीतरी माझ्यासारख्यानेच कुंचल्याने रंगवले असेल. हे वाचल्यावर मला रात्री झोप आली नाही. त्याचे कारण सांगते.

दुकानात आल्यावर सहा-सात वर्षांनी एक गृहस्थ एक कौटुंबिक फोटो घेऊन आले. त्यांचा धाकटा भाऊ नुकताच गेला होता. फोटोत त्याची बायको होती, कपाळावर कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र. ते म्हणाले, "भिंतीवर लावायचा आहे. आता हे बरे दिसत नाही. तेवढे पुसून द्या." तोवर आमच्याकडे संगणक आला होता. काम पाच मिनिटांचे. मी केले आणि पैसेही घेतले. पंधरा दिवसांनी ती बाई एकटी आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. हळू आवाजात म्हणाली, "ताई, आधीचा फोटो आहे का? मला एक प्रत द्याल? घरात सांगू नका." मी प्रत दिली. तिने पैसे पुढे केले, पण मला घेववेनात. जाताना ती एवढेच म्हणाली, "अंगावरचे काढून घेतले ते समजले. फोटोतले का हो काढलेत?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

आता संगणकाकडे वळते. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो पहिल्यांदा संगणकात उतरवला. तो आडवे १७६ आणि उभे १७६ अशा ठिपक्यांचा होता. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मवाचून चालणारा कॅमेरा बनवला. त्यात दहा हजार ठिपके होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढल्याच वर्षी त्याच कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी रंगाचे कोडे सोडवले. संगणकी कॅमेऱ्यातला ठिपका नुसता उजेड किती ते सांगतो, रंग नाही. म्हणून ठिपक्यांवर बारीक रंगीत काचा बसवल्या: निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला एकच रंग कळतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेबाने भरावे लागतात. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. ठिपके कॅमेरा देतो, पण रेघा जोडणे आणि रंग भरणे हे नंतरचेच काम.

म्हणून "आमचा फोटो जसाच्या तसा आहे, काही केलेले नाही" असे कोणी म्हटले की मला हसू येते. न केलेला संगणकी फोटो नसतोच. कॅमेऱ्यातली 'रॉ' फाइल म्हणजे कच्चा शिधा, आपल्या जुन्या निगेटिव्हसारखी. ती आपण रांधली नाही तर कॅमेरा आपल्या मनाने रांधून वाढतो. आताचे मोबाइल तर एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतात, अंधार उजळतात, आणि न सांगता चेहराही गुळगुळीत करतात.

संगणकावर फोटो सुधारण्याचे सर्वांत गाजलेले साधन म्हणजे फोटोशॉप. थॉमस नोल या विद्यार्थ्याने १९८७ मध्ये त्याची सुरुवात केली, भाऊ जॉनची साथ मिळाली, आणि १९९० मध्ये ॲडोबी कंपनीने ते बाजारात आणले. त्यातल्या हत्यारांची नावे पाहून मला माहेर भेटल्यासारखे झाले. उजळण्याच्या हत्याराचे चित्र म्हणजे हातातली छोटी चकती, काळे करण्याच्या हत्याराचे चित्र म्हणजे वळलेली मूठ. आमच्या काळोख्या खोलीतले हातच तिथे जाऊन बसले होते! मात्र फोटोशॉपच्याही आधी, फेब्रुवारी १९८२ मध्ये, 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाने उभ्या मुखपृष्ठावर मावावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले आणि त्यावर बराच गदारोळ झाला. हजारो वर्षे जागचे न हललेले दगड एका महिन्यात हलले!

आता आपल्या फोटोची गोष्ट. १९६४ साली मंडळ स्थापन झाले त्या दिवशी मामंजींनीच तो काढला होता. त्यात अकरा जणी आहेत. त्याची निगेटिव्ह आमच्या दुकानात होती, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी दुकानात शिरले आणि निगेटिव्हांच्या पेट्यांचा लगदा झाला. एका सभासद भगिनीच्या घरी माळ्यावर एकुलती एक प्रत उरली, तीही ओल लागून खराब झालेली. खालच्या रांगेतल्या एकीचा अर्धा चेहरा निघून गेला होता. कोणीतरी ती शहरातल्या एका दुकानात दिली. चार दिवसांत ती रंगीत होऊन आली. सगळ्यांची लुगडी हिरवी-जांभळी झाली, चेहरे टवटवीत झाले. गेलेला अर्धा चेहराही भरून आला. पण तो त्या बाईंचा नव्हता, यंत्राने अंदाजाने बसवलेला होता. आणि उजव्या टोकाला अर्धे पाऊल मागे, डोक्यावरून पदर घेतलेल्या आक्का उभ्या आहेत, ज्यांनी मंडळाचा साक्षरतेचा वर्ग चालवला, त्यांच्या कपाळावर तांबडेलाल कुंकू आले.

आक्का विसाव्या वर्षीच विधवा झालेल्या होत्या.

बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, "असू द्या की. सणाचा फोटो, छान दिसतो. आणि विधवेने कुंकू लावू नये हे तरी आपण आता कुठे मानतो?" त्यांचे म्हणणे मलाही पटण्यासारखे वाटले. एकीचे पुसल्याचा सल माझ्या मनात होता, तेव्हा दुसरीला मिळते आहे तर मिळू दे, असेही क्षणभर वाटून गेले. मग त्या अकरा जणींपैकी आज हयात असलेल्या एकमेव आजींना विचारायचे ठरले. मी आणि चिटणीसबाई त्यांच्या घरी गेलो. त्यांनी रंगीत फोटो हातात घेऊन खूप वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "आक्काला टोकाला उभी राहा म्हणणाऱ्या आम्हीच होतो गं. मधे नको, शुभकार्य आहे, असे म्हणालो. ती काही बोलली नाही, गेली टोकाला. आज तुम्ही तिला कुंकू लावलेत तर आमची चूक पुसली जाईल. ती पुसू नका."

मी घरी आले आणि तीन रात्री बसून जुन्या प्रतीवर काम केले. ओलीचे डाग काढले, भेगा बुजवल्या, फिके झालेले गडद केले. रंग भरला नाही. आक्कांचे कपाळ होते तसे ठेवले. ज्यांचा अर्धा चेहरा गेला त्यांच्या मुलीने आईचा निराळा फोटो आणून दिला. तो मी त्या जागी चिकटवला नाही, खाली वेगळ्या चौकटीत ठेवला. मूळ फोटोत ती जागा कोरी आहे. कोरी जागा खोटे बोलत नाही. खाली अकरा जणींची नावे आहेत, आणि पहिले नाव आक्कांचे आहे. हा बदल मात्र आम्ही आजच्या बायकांनी केला आहे आणि तो उघडपणे केला आहे.

इतक्या वर्षांत मला एवढेच समजले आहे. फोटोवर हात फिरवणे हे पाप नव्हे. जे होते ते नीट दिसावे म्हणून फिरवला तर ती सेवा आहे. जे नव्हते ते होते असे भासवण्यासाठी फिरवला, आणि पाहणाऱ्याला सांगितले नाही, तर ती लबाडी आहे. आणि ज्याचा फोटो आहे त्याला न विचारता फिरवला तर तो अन्याय आहे, मग मागणारा कोणीही असो आणि हेतू कितीही चांगला असो.

तेव्हा भगिनींनो, एक विनंती. घरातले जुने फोटो काढा. मागे मऊ शिसपेन्सिलीने नावे आणि साल लिहा, आजीकडून विचारून घ्या. सुधारून घ्यायचे असतील तर जरूर घ्या, पण मूळ प्रत फेकू नका. आणि फोटोत टोकाला कोण उभे आहे, ते एकदा नीट पाहा.